उंबरठ्यापासून धक्क्यापर्यंत

एस.टी.चा कंडक्टर ओळखीचा असला की दोन मिनिटं थांबतो. फाट्यावरून कुणी हात हलवत पळत येताना दिसलं, की डबल बेल द्यायला त्याचा हात धजत नाही. आगगाडी थांबत नाही, पण एक चुकली तर दुसरी असते. विमान चुकलं तर भुर्दंड भरून पुढचं मिळतं. जहाजाचं तसं नाही. धक्का दुसऱ्या जहाजासाठी रिकामा करायचा असतो, बंदराचा पायलट ठरल्या वेळी चढलेला असतो, भरती-ओहोटी तर कुणाच्याच बापाची वाट पाहत नाही. त्यामुळे जहाज सुटलं की मागे राहिलेल्याच्या हातात उरतं ते रद्द झालेलं तिकीट. आणि बहुतेक कंपन्यांचे नियम बारीक टायपात वाचलेत, तर वेळेवर न आलेल्या उतारूला एक पैसाही परत मिळत नाही.

हे सांगण्याचं कारण असं, की क्रूझ नावाची गोष्ट आता आपल्या, म्हणजे नोकरदार मराठी माणसाच्या घरात येऊन पोहोचली आहे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हा लोक कौतुकानं तिचे फोटो पाहत. २०२१ पासून मुंबईहून मोठं जहाज नियमित सुटू लागलं, आणि पाहतापाहता लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, निवृत्तीचा समारंभ, नातवाची मुंज झाल्यानंतरची हौस, अशी निमित्तं निघू लागली. जाहिरातीत पोहण्याचा तलाव दिसतो, जेवणाची लांबलचक टेबलं दिसतात, सूर्यास्त तर असतोच. मिरजेहून निघालेलं सात-आठ जणांचं कुटुंब बॅगांसह बॅलार्ड पिअरपर्यंत कसं पोहोचतं, ते मात्र एकाही जाहिरातीत दिसत नाही. माझ्या मते पहिल्या क्रूझमधला खरा प्रवास तोच आहे. जहाजावर चढल्यानंतर काळजी घ्यायला हजार माणसं असतात. उंबरठ्यापासून धक्क्यापर्यंत आपलं आपणच असतो.

पूर्वी असं नव्हतं. ज्या बॅलार्ड पिअरवरून आज क्रूझची जहाजं सुटतात, तिथे धक्क्यालाच लागून एके काळी रेल्वेचं स्थानक होतं. विलायतेहून टपाल आणि साहेबलोक घेऊन येणाऱ्या बोटी तिथे लागत. १९१२ साली सुरू झालेली पंजाब लिमिटेड, म्हणजे आजची पंजाब मेल, तिथूनच पेशावरकडे निघे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेलही बोटीच्या हंगामात तिथून सुटे. बोटीची शिडी उतरायची आणि चार पावलांवर डब्यात बसायचं. ही सोय अर्थातच साहेबासाठी होती.

आपल्या कोकणी माणसासाठी होता भाऊचा धक्का. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत बोट पणजीला जाई. कित्येक ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि ट्रंका, वळकट्या, कोंबड्या, पोरंबाळं पडावातून किनाऱ्याला लागत. लहानपणी मी त्या पडावात बसलो आहे. सोयीच्या नावानं शून्य होतं. पण व्यवस्था होती. ती माणसांची होती. बोटीनं कोण येणार याचं कार्ड आठ दिवस आधी मुंबईच्या खोलीवर येऊन पडे, आणि धक्क्यावर गावचा कुणीतरी गिरणीकामगार सुट्टी टाकून हजर असे. पुढे त्या बोटी बंद पडल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि समुद्रावरून जाण्याची आपली सवय मोडली. आता समुद्र परत आला आहे. साहेबाची आगगाडी नाही आणि गिरणीतला गाववालाही नाही. मधली पोकळी कुटुंबालाच भरून काढायची आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही अकरा जण मुंबई-गोवा-मुंबई असे जाऊन आलो. पुण्याचे आम्ही सात, त्यात सत्त्याऐंशी वर्षांची आई आणि दोन नातवंडं. कोल्हापूरहून धाकटा भाऊ आणि भावजय, नाशिकहून बहीण, बंगळुरूहून मुलगी. निवृत्त बँक अधिकाऱ्याला नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात: ठेवीवर जास्त व्याज कुठे मिळतं आणि कागदपत्रं बरोबर आहेत का. त्यामुळे नियोजनाच्या बैठकीचं अध्यक्षपद आपसूक माझ्याकडे आलं. खरं काम सूनबाईंनी केलं. बँकेत जशी एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासायची पद्धत असते, तशी तिनं यादी करायची आणि मी प्रश्न विचारायचे असं ठरलं. घरात हे प्रश्न विचारणं फारसं लोकप्रिय नसतं, हेही नमूद करतो.

पहिला प्रश्न आईनंच निकालात काढू पाहिला. “मला कशाला? मी मेली पायानं अधू. तुम्ही जा, मजा करा.” म्हाताऱ्या माणसांचं हे वाक्य आपण नम्रपणा म्हणून सोडून देतो. त्याच्या पोटात भीती असते, आणि ती समुद्राची नसते. वाटेत लघवीला जावं लागलं तर, जिना असला तर, सगळे माझ्यासाठी खोळंबले तर, ही ती भीती. तेव्हा आम्ही जहाजाच्या वेळापत्रकाआधी आईचं वेळापत्रक मांडलं. लघवीची गोळी ती सकाळी घेते. प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यावी हे डॉक्टरांना विचारून घेतलं. ती सलग किती वेळ गाडीत बसू शकते, न थांबता किती पावलं चालते, हेही पाहिलं. गच्चीवर चालवून पाहिलं तेव्हा तिलाच हसू आलं. पण त्या पावलांच्या हिशेबानं पुढचं सगळं ठरलं. कुटुंबाचा वेग हा त्यातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग असतो. तो धरून योजना केली तर कुणी मागे राहत नाही. तरुणांचा वेग धरून केली, तर म्हातारी माणसं आपण होऊन घरी राहतात आणि आपण म्हणतो, त्यांनाच यायचं नव्हतं.

दुसरी गोष्ट, हिशेब उलटा करायचा. घरातून निघायची वेळ आधी ठरवू नये. जहाज सुटण्याची वेळ कागदाच्या तळाशी लिहावी आणि वर वर चढत जावं. सुटण्याच्या बऱ्याच आधी चढण्याची खिडकी बंद होते. ती वेळ तिकिटावर असते, आणि आपली खरी वेळ तीच. त्याच्या वर सामान देणं, सुरक्षा तपासणी, ओळखपत्र दाखवणं यांचा वेळ. त्याच्या वर मुंबईतला रस्ता. रविवार असेल तर मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक आहे का, आझाद मैदानात मोर्चा आहे का, हे आदल्या दिवशी पाहावं. पुण्याहून मोटारीनं येणाऱ्यांना जानेवारी २०२४ पासून अटल सेतूची सोय झाली आहे. तिथून पूर्व मुक्त मार्गानं पी. डि’मेलो रस्त्याला उतरलं की बॅलार्ड इस्टेट जवळच. नागपूरची विदर्भ, कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर या रात्रीच्या गाड्या सकाळी सीएसएमटीला येतात. जहाज दुपारनंतर सुटणार म्हणून पुष्कळ जण त्याच सकाळच्या गाडीवर विसंबतात. माझं मत स्पष्ट आहे: लांबून येणाऱ्यानं आदल्या दिवशी मुंबईत असावं. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च हा चैनीच्या खात्यावर न टाकता विम्याच्या खात्यावर टाकावा.

यावरून आमच्याकडे वाजलंच. मुलीला एक रजा वाचवायची होती. बंगळुरूहून पहाटेच्या विमानानं येते म्हणाली. मुंबईत आता विमानतळही दोन झाले आहेत. नवी मुंबईचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, तेव्हा तिकिटावर कुठला विमानतळ आहे हेही पाहावं लागतं. शेवटी ती कुरकुरत आदल्या रात्री आली. पहाटेचं ते विमान अगदी वेळेवर आल्याचं दुसऱ्या दिवशी तिनं मला मोबाइलवर दाखवलं, थोडं चिडूनच. मी म्हटलं, घर जळलं नाही म्हणून आगीच्या विम्याचा हप्ता वाया गेला, असं आपण म्हणत नाही. तिला ते पटलं असं नाही. पण अकराही जण एका टेबलावर नाश्ता करत होतो, एवढं खरं.

तिसरी गोष्ट बॅगांची. गाडी ठरवताना आपण माणसं मोजतो, बॅगा मोजत नाही. अकरा माणसं दोन मोठ्या गाड्यांत बसतात. अकरा माणसं आणि चौदा बॅगा बसत नाहीत. शिवाय जहाजावर मोठी बॅग आपल्या हातात राहत नाही. धक्क्यावर तिला चिठ्ठी लावून ती घेतली जाते आणि केबिनच्या दाराशी पोहोचायला काही तास लागू शकतात. तेव्हा औषधं, चष्मा, ओळखपत्रं, लहान मुलांचा कपड्यांचा एक जोड आणि म्हाताऱ्या माणसाची शाल हातातल्या पिशवीत हवी. औषधं सुटी करून डबीत भरू नयेत. मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. इस्त्री, पाण्याची किटली असल्या विजेच्या वस्तू काढून घेतल्या जातात. घरचे लाडू आणि चकल्या यांचंही दैव बलवत्तर नसतं. घरी केलेलं खाणं बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. बहिणीनं नाशिकहून आणलेला चिवडा आम्ही मुंबईच्या मुक्कामीच संपवला, तो या नियमामुळे.

कागदपत्रांबाबत बँकेची एक रीत सांगतो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. कुटुंबाचे सगळे कागद एकाच पर्समध्ये ठेवू नयेत. मूळ ओळखपत्र ज्याचं त्याच्याकडे, मुलांची आईकडे, आणि सगळ्यांच्या छायाप्रती दुसऱ्या एकाकडे. देशातल्या देशात जाताना सरकारी ओळखपत्र चालतं. जहाज परदेशातल्या बंदराला लागणार असेल तर पासपोर्ट हवा, आणि तो परतीनंतरही सहा महिने वैध असावा. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः जुळतं का, हे आरक्षणाच्या दिवशीच पाहावं. लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर, हा घोळ बँकेच्या काउंटरवर मी तीस वर्षं पाहिला आहे. तिथे “उद्या या” म्हणता येतं. धक्क्यावर उद्या नसतो. घरात कुणी गर्भवती असेल तर आरक्षणापूर्वीच नियम विचारावा. साधारण चोविसाव्या आठवड्यानंतर बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत.

पहिली क्रूझ सिंगापूरहून करणारी कुटुंबंही पुष्कळ आहेत. त्यांनी लक्षात ठेवावं, की तिथे क्रूझची टर्मिनल दोन आहेत, एक हार्बरफ्रंटला आणि दुसरं, २०१२ मध्ये सुरू झालेलं, मरिना बे इथे. टॅक्सीवाल्याला नुसतं “क्रूझ” सांगून भागत नाही. जहाज मलेशियाला जाऊन परत आलं म्हणजे आपण सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करतो; तेव्हा व्हिसा एकाच प्रवेशाचा नसावा. आणि तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असतं.

मोसमाचाही विचार हवा. आपल्या जुन्या माणसांना पावसाळ्यातला समुद्र ठाऊक होता. नारळी पौर्णिमेआधी ती होडी काढत नसत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती आठवण कोकणातल्या घरांतून अजून पुसलेली नाही. आजची जहाजं फार मोठी आणि सुरक्षित आहेत, तरी पहिल्या प्रवासासाठी थंडीचे महिने बरे. बोट लागण्याचा त्रास ज्याला होतो, त्याच्यासाठी केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात. आईसाठी आम्ही ती लिफ्टजवळची मागितली. आलेपाक खिशात ठेवावा, डॉक्टरांनी गोळी सांगितली असेल तर ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी. आणि जहाजावर पाय ठेवताच जेवणाकडे धाव घेण्यापेक्षा आधी संकटकाळच्या कवायतीची वेळ विचारावी. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकावर आपटली, बत्तीस जण दगावले. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. दमूनभागून, धापा टाकत पोहोचलेलं कुटुंब ही कवायत कंटाळत उरकतं. वेळेत पोहोचण्याचं हेही एक कारण आहे.

परतीचा विचार तर कुणी करतच नाही. आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. उत्साहानं सगळं भरून टाकलं, की सकाळी रात्रीच्या कपड्यांवर उतरायची पाळी येते. जहाज सकाळी धक्क्याला लागलं म्हणजे आपण सकाळी मोकळे झालो असं नाही. हजारो माणसं पाळीपाळीनं उतरतात. तेव्हा परतीची गाडी दुपारनंतरची घ्यावी.

आता जे माझ्या कुटुंबापुरतं नाही, त्याबद्दल. इतकं सगळं मांडूनही धक्क्याजवळ आमची गाडी एका फाटकाशी अडली. तिथल्या पहारेकऱ्यानं दुसरं फाटक दाखवलं. तिथल्यानं पहिल्याकडे बोट केलं. एका बाजूला कंटेनरचे ट्रक, दुसऱ्या बाजूला आमच्यासारखीच बॅगा ओढणारी कुटुंबं, आणि मधून आई काठी टेकत निघाली. चाकांच्या खुर्चीची मागणी आम्ही महिनाभर आधी लेखी केली होती आणि त्याचं उत्तर छापून खिशात ठेवलं होतं. तो कागद दाखवल्यावर खुर्ची आली. आमच्या मागे एक आजोबा होते, त्यांच्याकडे असा कागद नव्हता. त्यांचा मुलगा त्यांना बॅगेवर बसवून खुर्ची शोधायला गेला होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भुयारी मेट्रो सीएसएमटीवरून कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली. म्हणजे जमिनीखालून रेल्वे आली, पाण्यावर इमारत आली. या दोहोंमध्ये जेमतेम दीड-दोन किलोमीटरचं अंतर आहे, आणि टॅक्सीवाले एवढ्या जवळचं भाडं घ्यायला नाखूष असतात. मोठा खर्च करून गेलेला उतारू इथे येऊन घासाघीस करत उभा राहतो. जहाजाच्या दिवशी सीएसएमटीवरून बॅगांसाठी जागा असलेली, खालच्या पायरीची एक बस ठरलेल्या वेळांना सोडायला किती खर्च येईल? फाटकावर मराठीत, मोठ्या अक्षरांत “क्रूझचे प्रवासी इकडून” अशी पाटी लावायला किती? आणि मिरज, नांदेड, अकोल्याच्या माणसाला रेल्वेचं आणि जहाजाचं आरक्षण एकत्र मिळालं, गाडीला उशीर झाला तर त्याची खबर टर्मिनलला आपोआप गेली, तर त्यात अशक्य असं काय आहे? शंभर वर्षांपूर्वी टपालाच्या थैल्यांसाठी बोट आणि आगगाडी यांची वेळ जुळवता येत होती.

ते होईल तेव्हा होवो. तोवर ज्यांच्या घरी पहिल्या क्रूझचे बेत चालले आहेत, त्यांना एकच सुचवतो. आज रविवार आहे, सगळे घरी असतील. जहाजाचे फोटो मागाहून पाहा. आधी एक कोरा कागद घ्या, तळाशी जहाजाची वेळ लिहा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवून विचारा, की न थांबता तुम्ही किती पावलं चालता.